क्रोमिकची "सवय झाली" म्हणणाऱ्या भावाचं नाक आधी टॉर्चने बघा

प्रश्न असा आहे की धाकट्या भावाला मकरपुरा जीआयडीसीत (बडोद्याची औद्योगिक वसाहत) हार्ड क्रोमच्या, म्हणजे धातूच्या पार्टवर क्रोमचा जाड थर चढवणाऱ्या, एका युनिटमध्ये नोकरी लागलीय, ड्रममधली लालसर जांभळी पावडर टाकीत टाकायचं काम आहे, दोन महिने झाले, आधी शिंका यायच्या, नाक गळायचं, आता म्हणतो सवय झाली, काही त्रास नाही, तर हे किती सिरियस घ्यायचं.

खूप सिरियस घ्या. ते "सवय झाली" वाचून पोटात गोळा आला म्हणून लगेच लिहायला बसलो. मी बडोद्याचाच, दांडिया बाजारात वाढलो, प्लेटिंगच्या लाइनीत 21 वर्षं काढली, टाकीवरच्या हेल्परपासून सुपरवायझरपर्यंत. डॉक्टर नाही, पण हे सामान मी हातानं उचललंय आणि त्याचा हिशोब नाकानं चुकवलाय.

ती पावडर म्हणजे क्रोमिक ॲसिड, आपल्याकडे सगळे नुसतं क्रोमिक म्हणतात, कागदावर क्रोमियम ट्रायऑक्साइड. येतं फ्लेक्समध्ये पण ड्रमच्या तळाशी चुरा झालेला असतो आणि तोच उडतो. यातलं क्रोमियम हेक्झाव्हॅलेंट असतं, म्हणजे सहा नंबरचं, आणि कॅन्सरवर काम करणारी जागतिक संस्था आयएआरसी त्याला ग्रुप 1 मध्ये धरते, सिगरेटच्या आणि ॲस्बेस्टॉसच्या रांगेत. मुख्य धोका फुप्फुसाच्या कॅन्सरचा. याचं कारण मला एका केमिस्टने सोप्या भाषेत सांगितलं होतं, की हे क्रोमियम पेशीला सल्फेटसारखं दिसतं, सल्फेटसाठीच्या दारातनं आत घुसतं, आत गेल्यावर तीन नंबरचं होतं आणि होता होता डीएनएची वाट लावतं. तीन नंबरचं हिरवं क्रोमियम बाहेरून आलं तर त्याला ते दार सहज उघडत नाही, म्हणून ते त्या मानानं गरीब.

आता नाक. माझ्या पहिल्या नोकरीत (नाव नको, शेठ आता नाहीत) दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात नाकात खपल्या धरायच्या, सकाळी रुमालावर रक्ताचे ठिपके, जळजळ. मग एके दिवशी सगळं थांबलं. मी खूश. बाजूच्या टाकीवर एक काका होते, जोरात श्वास घेतला की त्यांच्या नाकातून बारीक शिटी वाजायची, आम्ही पोरं त्यांना "कुकर" म्हणायचो, ते पण हसायचे. पुढे कुठल्या तरी सर्दीसाठी ते कान-नाक-घसावाल्याकडे गेले तर त्यानं सांगितलं की दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्याला आरपार भोक आहे. काकांना पत्ताच नव्हता, एक दिवस दुखलं नाही. शिटी त्या भोकातून वाजत होती. दुसऱ्याच दिवशी मी नाक दाखवायला गेलो, मला पडद्यावर जखम होती, भोक पडलं नव्हतं, सहा महिने टाकीपासून लांब राहिलो तेव्हा भरली. जळजळ थांबली ती जखम बरी झाली म्हणून नव्हे, तिथली चामडी बधिर झाली म्हणून. त्यामुळे भावाला खुर्चीत बसवा, डोकं मागे, टॉर्च मारा, पडद्यावर खपली, रक्त, पांढरट डाग काही दिसतं का बघा, आणि दिसो न दिसो, या आठवड्यात कान-नाक-घसावाल्याकडे न्या आणि तिथे "सर्दी आहे" असं सांगू नका, "क्रोमिकवर काम करतो" असंच सांगा, नाहीतर थेंब देऊन घरी पाठवतील.

हातांचं पण बघा. नखाच्या मुळाशी, बोटांच्या सांध्यांवर गोल खड्डा, कडा कडक वर आलेल्या, दुखत फारसं नाही आणि महिनोन्महिने भरत नाही, तो क्रोम अल्सर. साध्या ओरखड्यापासून सुरू होतो. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टच्या (2025 मध्ये त्याच्या जागी नवा लेबर कोड आला) तिसऱ्या शेड्यूलमध्ये, म्हणजे नोंदवायच्या आजारांच्या यादीत, तो नाव घेऊन लिहिलेला होता, म्हणजे ही काही माझ्या मनाची भीती नाही, सरकारदरबारी नोंदवायची बीमारी आहे.

अशा युनिटमधला शेठ म्हणतो रुमाल बांध, "कंई ना थाय", काही होत नाही. रुमालानं काय होतं ते आकड्यात सांगतो. अमेरिकेत 2006 पासून 8 तासांच्या शिफ्टची लिमिट आहे एक घनमीटर हवेत 5 मायक्रोग्रॅम क्रोमियम. एक ग्रॅम क्रोमिकमध्ये अर्ध्या ग्रॅमच्या वर क्रोमियम असतं, म्हणजे एवढी चिमूटभर पूड लाखभर घनमीटर हवा लिमिटला नेऊन पोचवेल, आणि मकरपुऱ्यातला 20 बाय 10 चा, 5 मीटर उंचीचा शेड हजार घनमीटरचा. शंभर शेड! अर्थात सगळी पूड उडत नाही, पण अंदाज आला ना. कापड, सर्जिकल मास्क यानं ती अडत नाही, पी3 फिल्टरचा (एकदम बारीक धूळ अडवणारा) अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क लागतो, आणि दाढी वाढवली असेल तर तो पण बाजूनं गळतो. हातात कोपरापर्यंतचे पीव्हीसी ग्लोव्हज, चामड्याचे अजिबात नकोत कारण चामडं क्रोमिक शोषून घेतं आणि दिवसभर हाताला चिकटवून ठेवतं. डोळ्याला गॉगल, चष्मा चालणार नाही.

पण खरं सांगू का, मास्क हा शेवटचा इलाज. टाकीच्या काठावर ओढणारी एक्झॉस्टची फट चालू आहे का ते आधी विचारा. हार्ड क्रोममध्ये करंटचा पाचवा हिस्सा पण धड क्रोम चढवायला लागत नाही, बाकीच्याचा हायड्रोजन होऊन बुडबुडे येतात, ते वर येऊन फुटले की क्रोमिकची धुकी हवेत. म्हणजे पावडर टाकणं दहा मिनिटांचं, धुकी आठ तासांची. टाकीत फ्यूम सप्रेसंट (धुकी दाबणारं केमिकल) टाकतात, वर प्लास्टिकचे गोळे तरंगत ठेवतात, ते नसेल तर युनिट कंजूस आहे असं समजा. (एक्झॉस्ट इन्स्पेक्शनच्या दिवशीच चालू होतो असा पण एक शेड मी पाहिलाय.)

पावडर पाण्यात हळूहळू सोडायची, ढवळत, ड्रम उंचावरून पालथा करायचा नाही. सांडली तर कोरडा झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा दोन्ही बंद, ओल्या फडक्यानं टिपायची आणि फडकं पण वेगळ्या डब्यात. लाकडाचा भुसा तर हरगीज टाकू नका. आमच्याकडे एका नव्या पोरानं सांडलेल्यावर भुसा टाकला, गोणीत भरला, आणि चहा पिऊन येईस्तोवर गोणीतून धूर. क्रोमिक स्वतः जळत नाही पण जळणाऱ्याला असा पेटवतं की बास, अल्कोहोल, थिनर, ॲसिटोन, तेलाचं कॉटन वेस्ट यातलं काहीही त्याच्या जवळ नको.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे मावा. ग्लोव्हज काढले, तळहातावर तंबाखू-सुपारी चोळली, तोंडात टाकली, क्रोमिक थेट पोटात. टाकीवरनं उठल्यावर साबणानं हात-तोंड धुतल्याशिवाय चहा, मावा, डबा काही नाही, हे त्याच्याकडून वदवून घ्या. कामाचे कपडे घरी आणू देऊ नका, आणलेच तर वेगळे धुवा, आईच्या हाताला पण पुरळ येऊ शकतं. आणि मोकळे ड्रम! आपल्याकडे ते पाणी भरायला विकत घेतात, किती जणांच्या गच्चीवर असतील देव जाणे. कृपा करून नको.

अंगावर उडालं तर कपडे काढून लगेच नळाखाली, 15-20 मिनिटं, डोळ्यात गेलं तरी तेवढंच, पापण्या उघड्या धरून. मोठ्या भागावर पडलं असेल तर धुऊन सरळ हॉस्पिटल, कारण हे चामडीतून आत शिरून किडनी बंद पाडतं, वरून जखम छोटी दिसली तरी. पोटात गेलं तर उलटी काढायची नाही, ड्रमवरचं लेबल किंवा एमएसडीएस (त्या केमिकलच्या धोक्यांचा कागद) घेऊन एसएसजीला, म्हणजे बडोद्याच्या सरकारी हॉस्पिटलला, पळा.

नोकरी लगेच सोडा असं मी म्हणणार नाही, घर चालवायचं असतं, मी पण सोडली नव्हती. पण त्या जुन्या फॅक्टरी ॲक्टच्या 41सी कलमात अशा कामाआधी आणि नंतर दर वर्षी मेडिकल तपासणी मालकानं करून द्यायची लिहिलं होतं, तेव्हा रिपोर्ट मागायला लाजू नये, आणि त्या तपासणीत नाकात आरसा घालून बघितलं का हे विचारावं, नुसता बीपी आणि वजन घेऊन सही करतात. विचारल्यावर शेठ भडकला तर मग मात्र दुसरीकडे बघायला लागा.

आज रात्री टॉर्चने बघून काय दिसलं ते इथे लिहा.