मेटफॉर्मिन सोडून मेथी, कारलं आणि गुडमारवर साखर आटोक्यात राहील का?

वडिलांचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.२ आहे, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने पोट बिघडतं, म्हणून गोळी बंद करून मेथी, कारल्याचा रस आणि गुडमार सुरू करावं का, असं तुम्ही विचारलंय. मी फार्मासिस्ट आहे. गोळी परस्पर बंद करू नका, हे आधी सांगतो. मेथी जोडीला द्यायला हरकत नाही. कारल्याच्या रसाचं मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मेटफॉर्मिनचं मूळही एका वनस्पतीतच आहे. युरोपातल्या गॅलेगा ऑफिसिनॅलिस या झाडातलं गॅलेजिन साखर उतरवायचं, पण विषारी होतं. त्याच जातीच्या रसायनांपैकी मेटफॉर्मिन सुरक्षित ठरलं आणि १९५७ साली फ्रान्समध्ये ज्याँ स्टर्न यांनी त्याचा मधुमेहींवरचा उपयोग प्रसिद्ध केला. झाडपाल्यात ताकद असते, हे मला मान्यच आहे. म्हणून तर मात्रा मोजून घ्यावी लागते.

भिजवलेले मेथीदाणे बुळबुळीत लागतात ना, तो त्यांतला विरघळणारा तंतू. त्याच्यामुळे अन्नातली साखर रक्तात सावकाश उतरते आणि जेवणानंतरची उसळी थोडी कमी होते. थोडीच, ८.२ खाली आणायला तिच्या एकटीवर विसंबू नका. बाकीच्या गोळ्या आणि मेथी यांत तास-दोन तास जाऊ द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी विचारा.

गुडमारचं पान चावून वर साखर खाल्ली तर ती वाळूसारखी बेचव लागते. गोडाचा मोह आवरायला त्याचा उपयोग होईल, पण हा परिणाम जिभेवरचा. रक्तातल्या साखरेबाबतचे अभ्यास लहान आहेत.

कारल्यावरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये आढावा घेतला, त्यात ठाम पुरावा मिळाला नाही. तरीही मी रसाला घाबरतो. एक गृहस्थ काउंटरशी आले ते घामाने डबडबलेले, बोटं इतकी थरथरत होती की पाकीट उघडेना. सकाळी ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेतली होती, वर ग्लासभर कारल्याचा रस, आणि नाश्ता राहून गेला होता. ग्लुकोमीटरवर साखर ५४ पर्यंत घसरलेली. ग्लुकोज पाण्यात कालवून दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा कुठे ते नीट बोलू लागले. गोळी, रस आणि उपाशी पोट यांतलं नेमकं काय नडलं ते सांगता येणार नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा अशी पडत नाही, पण वडिलांना सोबत दुसरी गोळी आहे का, ते चिठ्ठीवर बघा.

घटक न छापलेली 'शुगर'ची चूर्णं तर घेऊच नका. अशा औषधांत ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं औषध लपवलेलं सापडलं आहे, शिसंही सापडलं आहे. दालचिनीची पूड रोज चमचे-चमचे खाणंही नको. कॅसिया जातीच्या दालचिनीतलं कुमारिन यकृताला त्रास देऊ शकतं.

राहिला पोटाचा त्रास. गोळी जेवणासोबत घेणं, कमी मात्रेपासून हळूहळू वाढवणं, किंवा सावकाश विरघळणारी एसआर गोळी घेणं, यांतल्या एखाद्या बदलाने बऱ्याच जणांचं पोट ताळ्यावर येतं. डॉक्टरांना नेमकं हेच विचारा. गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ पण तपासून घ्या.

वडिलांचं वजन जास्त असेल तर सगळ्यात आधी तिकडे लक्ष द्या. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, डॉक्टरांच्या देखरेखीखाली १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांपैकी ८६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षअखेर औषधांविना आटोक्यात होता. त्यांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता, हे लक्षात ठेवा. एवढा फरक कुठल्या काढ्याने पडल्याचं माझ्या वाचनात नाही.

मेथी सुरू केलीत तर त्या काळात दुसरं नवं काही सुरू करू नका. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहा. एचबीए१सी तीन महिन्यांनी करा, त्याआधी फरक नीट दिसत नाही. डॉक्टरांकडे जाताना वही न्या आणि मेथी, गुडमार, जे काही चालू असेल ते सगळं सांगा.