जर्सी कुणाची, ते लिहून ठेव

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि सोबतचे फोटो मिळाले. नोकरी लागल्या लागल्या तू फुटबॉलच्या जर्सी जमवायला घेतल्यास, याचा मला मनापासून आनंद झाला. १९९० च्या वर्ल्डकपची पश्चिम जर्मनीची जर्सी एकजण विकतोय, किंमत तुझ्या निम्म्या पगाराएवढी आहे, घेऊ का, असं तू विचारलंयस. पांढऱ्या छातीवरून नागमोडी जाणारा तो काळा-लाल-पिवळा पट्टा मलाही फार आवडतो. तरीही सांगतो, एवढ्यात घेऊ नकोस. ती जर्सी जपणारे जगभर हजारो लोक आहेत. तू ज्या गल्लीत वाढलास तिथल्या जर्सी मात्र कुणीच जपत नाही.

जर्सीला मोल कशामुळे येतं, हे समजायला १९८६ च्या मेक्सिको वर्ल्डकपची एक जर्सी पुरेशी आहे. इंग्लंडविरुद्ध अर्जेंटिनाला निळ्या जर्सीत खेळायचं होतं. उरुग्वेविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या जाड सुती निळ्या जर्सी पावसानं भिजून जड झाल्या होत्या. म्हणून प्रशिक्षक बिलार्दोंनी हलक्या जर्सी मागवल्या. वेळ हाताशी नव्हता. संघाच्या माणसानं मेक्सिको सिटीतली दुकानं पालथी घालून दोन नमुने आणले, त्यातला एक मॅराडोनानं पसंत केला. बिल्ले घाईघाईनं शिवून घेतले, त्यात बोधचिन्हाभोवतीची लॉरेलची पानं राहूनच गेली. पाठीवरचे आकडे चंदेरी चमकीचे, अमेरिकन फुटबॉलच्या जर्सीवर असतात तसले, इस्त्रीनं चिकटवलेले. २२ जूनला हीच जर्सी घालून मॅराडोनानं एक गोल हातानं केला आणि दुसरा अर्धा संघ चुकवून केला. सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजनं त्याच्याशी जर्सी बदलली, आणि २०२२ मध्ये तिला लिलावात ७१ लाख पौंडांहून जास्त रक्कम आली.

आता यातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लिलावाच्या आधी मॅराडोनाच्या घरच्यांनी शंका काढली की ही पहिल्या हाफची जर्सी आहे, गोल केले तेव्हाची नव्हेच. ती शंका फिटली फोटोंमुळे. बिल्ल्याचे टाके, आकड्यांवरच्या चमकीच्या रेघा हे सगळं सामन्यातल्या फोटोंशी ताडून पाहिलं गेलं. जर्सी कुणाची, कुठल्या सामन्याची आणि कशावरून, या तीन प्रश्नांना उत्तर असेल तर जर्सी बोलते. नसेल तर ते नुसतं कापड.

आपल्या कोल्हापुरात या प्रश्नांची उत्तरं देणारी माणसं अजून आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, कुठल्याही संघाचं नाव घे. शाहू स्टेडियमवर कुठल्या साली कुणी कुणाला कुठल्या गोलनं हरवलं, हे पेठेतला जुना माणूस झोपेतून उठवला तरी सांगेल. जर्सीचं मात्र काय होतं? हंगाम संपला की ती सरावाला वापरतात. मग धाकटा भाऊ घालतो, आणि शेवटी तिनं फरशी पुसतात. वर्ल्डकपच्या वेळी मेस्सी-नेमारचे डिजिटल फलक चौकाचौकात उभे करणारं हे गाव. पण स्वतःच्या तालमीच्या संघाची वीस वर्षांपूर्वीची जर्सी दाखव म्हटलं तर दहा घरं फिरावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्याकडे आमच्या वेळच्या एका बॅकची जर्सी आहे. पूर्ण बाह्यांची. डाव्या कोपरावर रफू आहे, ते त्याच्या आईनं केलेलं. पाठीवरचा ५ रेक्झिन कापून मशीनवर शिवलाय आणि खालच्या गोलाईवर टाका जरा तिरका गेलाय. बगलेपाशी मातीचा तांबूस डाग आहे, तो मी मुद्दाम धुतलेला नाही. ती हातात घेतली की मला सामन्यातला गोल नाही आठवत. आठवते ती पेनल्टी होण्याआधी गप्प झालेली गर्दी, हलगी थांबलेली, आणि आमचा हा गडी आपल्या गोलकीपरजवळ जाऊन त्याच्या कानात काहीतरी सांगतोय. काय सांगितलं होतं, ते त्यानं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं, तेही जर्सी देताना. ते मी कागदावर उतरवून जर्सीच्या घडीत ठेवलंय. तूही तसंच कर. जर्सी हातात आली त्याच दिवशी लिही, उद्यावर टाकू नकोस. देणाऱ्याच्याच शब्दांत लिही. त्या सामन्याचं कात्रण किंवा संघाचा फोटो मिळाला तर त्याची प्रतही सोबत ठेव.

कोल्हापूरच्या बाहेर शोधायचं असेल तर बंद पडलेल्या आणि मागे सरलेल्या क्लबांकडे आधी बघ. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. कूपरेजच्या मैदानावर ती लाल जर्सी पाहिलेले लोक अजून आहेत. गोव्यात धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनीही २०१६ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. साळगावकरकडून ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलकीपर खेळलाय. मडगाव-वास्कोकडे कुणी ओळखीचं असेल तर फातोर्ड्याच्या स्टेडियमवर सामने बघायला जाणाऱ्यांना विचार. ब्राझीलची पिवळी जर्सी तर आपल्याकडे सगळेच घालतात. ती १९५० मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर उरुग्वेकडून झालेल्या पराभवानंतर, पांढरी टाकून, वर्तमानपत्राच्या स्पर्धेतून निवडली गेली आणि ती काढणारा आल्दिर श्ली तेव्हा १९ वर्षांचा होता, हे सांगणारा शंभरात एक सापडतो. अशी गोष्ट ठाऊक असली की बाजारातली स्वस्त जर्सीसुद्धा वेगळी दिसायला लागते.

स्वस्त जर्सीवरून सांगतो, नकलेची लाज बाळगू नकोस. शाळेच्या संघात तू जी घालून खेळलास ती नक्कलच होती, आणि ती तुझ्या संग्रहात पहिली हवी. फक्त नक्कल अस्सल म्हणून कुणाला विकू नकोस, आणि अस्सलचे पैसे मोजून नक्कल घेऊ नकोस. अलीकडच्या जर्सींना आतल्या शिवणीला छोटा टॅग असतो, त्यावर कोड असतो. तो नेटवर टाकला की तीच जर्सी, त्याच रंगात समोर यायला हवी. दुसरीच आली तर सौदा मोड. बिल्ला चिकटवलेला आणि जर्सी अंगासरशी असेल तर ती बहुधा खेळाडूंच्या मापाची असते. बिल्ला भरतकामाचा असेल तर दुकानात सर्वांसाठी विकतात ती.

सांभाळायचं म्हणशील तर आपला खरा शत्रू पावसाळा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत जर्सी कोंडू नकोस. आत ओल धरते, आकडे चिकट होऊन एकमेकांना लागतात आणि सोलून निघतात. आकड्यावर बटर पेपर ठेव, वर मलमलचं फडकं, मग सैल घडी. हँगरला लावलीस तर खांदे उतरतात. धुवायचीच असेल तर उलटी करून, गार पाण्यात, न पिळता, आणि वाळत घालायची सावलीत. आकड्यावर इस्त्री फिरवायची नाही. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नकोस. श्रावणात एखादं कोरडं ऊन पडलं की सगळं बाहेर काढून वारा दे.

आता पहिलं काम. तुझे थोरले काका तालमीच्या संघातून लेफ्ट विंगला खेळायचे, हे तुला माहीत असेलच. त्यांच्याकडे एक तरी जर्सी असणार, आणि ती कुठल्या ट्रंकेत आहे हे काकूंना पक्कं माहीत असणार. आधी काकूंना विचार. काकांसमोर बसशील तेव्हा 'तुम्ही किती गोल केले' असं विचारू नकोस, त्याचं उत्तर दोन शब्दांत संपेल. ही जर्सी तुम्हाला कुणी दिली, अंगात घातलेल्या पहिल्या दिवशी कुणाशी सामना होता, आणि शेवटची काढलीत तेव्हा शेजारी कोण होतं, हे विचार. वही-पेन घेऊन जा, आणि त्यांची हरकत नसेल तर मोबाइलवर रेकॉर्डही कर.

आणि हे दिवाळीची साफसफाई सुरू व्हायच्या आत कर.

तुझे,
सर