येर्बा माते: कॅफीन किती, धूर किती, पाणी किती गरम

माते म्हणजे येर्बा माते या दक्षिण अमेरिकी झाडाची वाळवलेली पानं पाण्यात भिजवून केलेलं पेय. त्याबद्दल तुमचे दोन प्रश्न आहेत. अर्जेंटिनाहून आणलेल्या मातेत ‘कॅफीन नसून मातेईन असतं, त्यामुळे झोप उडत नाही’ हे खरं का, आणि त्यानं कर्करोग होतो का?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. मातेईन म्हणजे कॅफीनच, रेणू तोच. कोरड्या पानात ते वजनाच्या साधारण 1 ते 2 टक्के असतं. सोबत थोडं थिओब्रोमीन असतं, कोकोत असतं तेच. त्यामुळे पेले मोजू नका, पान मोजा. तिकडे एका भांड्यात 50 ग्रॅम पान भरून त्यावर थर्मासभर पाणी पुन्हापुन्हा ओततात. 1 टक्का धरला तरी त्या पानात 500 मिलिग्रॅम कॅफीन झालं. सगळं उतरत नाही, पण बरंचसं उतरतं. निरोगी प्रौढाला दिवसाला 400 आणि गरोदरपणी 200 मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात. म्हणून सुरुवात 15 ग्रॅमनं करा आणि दुपारनंतर घेऊ नका. गर्भनिरोधक गोळ्या किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक चालू असेल तर कॅफीन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, हेही लक्षात असू द्या.

कर्करोगाची भीती निराधार नाही, पण दोष पानाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1991 मध्ये ‘गरम माते’ संशयितांच्या यादीत घातला. 2016 च्या फेरविचारात ठपका 65 अंशांवरच्या कुठल्याही पेयावर आला. त्याहून थंड माते यादीतून सुटला. माते धातूच्या नळीनं, म्हणजे बोम्बिल्यानं ओढतात. कपातला चहा फुरके मारताना हवेनं निवतो, इथे कढत घोट थेट घशाशी पोचतो. अन्ननलिकेला वर्षानुवर्षं चटके बसणं, हा खरा धोका.

दुसरी बाब धुराची. तोडलेली पानं 24 तासांच्या आत काही सेकंद ज्वाळेवरून काढतात. त्यानं पान काळं पाडणारी विकरं (एन्झाइम) मरतात आणि रंग हिरवा राहतो. पुढचं वाळवणं लाकडाच्या धुरावर झालं, तर बेंझोपायरीनसारखी घातक संयुगं पानाला चिकटतात. पाकिटावर ‘सिन उमो’ म्हणजे बिनधुराचं असं असेल तर तेच घ्या. ‘कोन पालो’ म्हणजे काड्यांसकट. ते सौम्य लागतं, नवख्याला बरं.

करायची रीत अशी. भांडं दोन तृतीयांश भरा, तोंडावर तळवा ठेवून उलटं करून हलवा. भुकटी तळव्याशी येते, नाहीतर तीच नळीत अडकते. मग भांडं तिरकं धरून पान एका बाजूला उतारावर राहू द्या. खोलगट भागात कोमट पाणी ओतून दोन मिनिटं फुगू द्या आणि नळीचं तोंड अंगठ्यानं बंद करून ती तिथेच तळापर्यंत खोचा. पुढे पाणी नेहमी नळीलगतच ओता. वरचं पान कोरडं राहिलं की चव बराच वेळ टिकते. नळीनं ढवळलंत की गाळ चढून ती तुंबते.

तिकडे पाणी 70 ते 80 अंशांचं घेतात. मी अर्धं उकळतं आणि अर्धं माठातलं मिसळायला सांगेन. ते साठ अंशांच्या आसपास येतं. चव जरा हलकी लागते, घसा वाचतो. उकळतं पाणी ओतलं तर पहिले दोन घोट कडूजहर आणि पुढचे पाणचट लागतात. पॅराग्वेत बर्फाच्या पाण्यात तेरेरे करतात. आपल्या उन्हाळ्याला तो उत्तम, पण कॅफीन त्यातही उतरतं.

फायद्यांचं म्हणाल, तर कॉफीत असतात ती क्लोरोजेनिक आम्लं मातेत भरपूर आहेत. ब्राझीलमधल्या काही छोट्या अभ्यासांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं उतरलेलं दिसलं. त्या भरवशावर कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नका. हीच संयुगं भाजी-डाळीतलं लोह नीट शोषू देत नाहीत. ॲनिमिया असेल तर जेवणाआधी-नंतर तासभर माते नको.

भांडं भोपळ्याचं असेल (दुध्याच्याच जातीचं वाळवलेलं फळ, तंबोऱ्याला लागतं तसं), तर पिऊन झाल्याबरोबर पान काढा, साबण न लावता धुवा आणि आडवं ठेवून वाळवा. ओलं पान रात्रभर राहिलं की बुरशी धरते. पावसाळ्यात सरळ स्टीलचा पेला वापरा.