ऑपरेशनआधीच्या चेकलिस्टने गुंतागुंत खरंच कमी होते का?

होते, पण ती मोठ्याने वाचली तरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत १९ मुद्दे आहेत, तीन टप्प्यांत: भुलीआधी, चिऱ्याआधी, रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर आली (२००९ चा अभ्यास).

घोळ होतो तो मधल्या टप्प्यात. सर्जन हात धुऊन येईपर्यंत नर्स एकटीच टिकमार्क करून मोकळी होते. मग अँटिबायोटिक चिऱ्याआधीच्या ६० मिनिटांत गेलं का, हे कुणी विचारतच नाही. तेव्हा सगळ्यांनी हातातलं काम थांबवून रुग्णाचं नाव, शस्त्रक्रिया आणि बाजू बोलून दाखवायलाच हवी. गॉज, सुयांची मोजणी मात्र शेवटच्या टप्प्यावर ढकलू नका. पोट शिवण्याआधीच करा. जुळली नाही तर टाके थांबवून शोधा, गरज पडल्यास एक्स-रे काढा.