भरपूर पाणी प्यायलो, तरी पोटऱ्यांत गोळे का आले?

प्रश्न : यावल तालुक्यात आमची केळीची बाग आहे. गेल्या मे महिन्यात घड वाहण्याचे काम चालू असताना मी दिवसभरात सात-आठ लिटर पाणी प्यायलो असेन. तरीही संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे आले, डोके ठणकू लागले आणि मळमळले. आईने मीठ-साखरेचे पाणी दिल्यावर तासाभरात बरे वाटले. इतके पाणी पिऊनही कमी काय पडले? मिठाचे समजू शकते, पण साखर कशासाठी?

उत्तर : निम्मे उत्तर आपल्या घरच्या लोणच्याच्या बरणीत आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की रात्रभरात त्यांना पाणी सुटते, कारण पातळ पडद्याच्या दोन बाजूंपैकी जिकडे क्षार अधिक, तिकडे पाणी ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात.

सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे 42 लिटर पाणी असते. त्यातील दोन तृतीयांश पेशींच्या आत आणि उरलेले रक्तात व पेशींभोवतीच्या द्रवात असते. बाहेरच्या द्रवात सोडियम (मिठातला एक घटक) भरपूर, आत पोटॅशियम भरपूर, अशी ही विभागणी आहे. ती आपोआप टिकत नाही. पेशीच्या आवरणातील एक प्रथिन ऊर्जा खर्च करून दर खेपेला सोडियमचे तीन आयन (विद्युतभारित कण) बाहेर टाकते आणि पोटॅशियमचे दोन आत घेते. हा ‘पंप’ डेन्मार्कचे येन्स स्कौ यांनी 1957 मध्ये दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना 1997 चे नोबेल मिळाले. आपण झोपलेले असतानाही तो चालूच असतो.

आता आपल्या त्या दिवसाकडे येऊ. घाम खारट असतो, म्हणजे पाण्याबरोबर मीठही गेले. भरपाई मात्र नुसत्या पाण्याने झाली. एरवी जादा पाणी मूत्रपिंडे सहज बाहेर टाकतात, पण उन्हात अंगमेहनत चालू असताना मेंदूकडून पाणी राखून ठेवण्याचा संदेश देणारे संप्रेरक स्रवत राहते. परिणामी रक्तातील सोडियम पातळ होते आणि पाणी पेशींच्या आत शिरू लागते; कैरीच्या फोडीच्या नेमके उलट. मेंदूला कवटीत फुगायला जागा नसल्याने डोके दुखते आणि मळमळते. आपल्या बाबतीत हेच घडले असण्याची शक्यता बरीच आहे, मात्र उन्हाच्या त्रासाची लक्षणेही अशीच असतात आणि गोळे येण्यात स्नायूंच्या थकव्याचाही वाटा असतो, हे नमूद करायला हवे.

साखरेचा प्रश्न आपण विचारलात, हे फार बरे केले, कारण ती चवीसाठी आहे असेच बहुतेकांना वाटते. साखर पचली की तिच्यातून ग्लुकोज मिळते. लहान आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारे एक प्रथिन असते. ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम झपाट्याने आत जाते आणि त्यामागोमाग पाणीही. अमेरिकेतील रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडीची वाहतूक 1960 मध्ये मांडली. पुढे 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन अपुरे पडल्यावर मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. ओआरएसचे पाकीट त्याच तत्त्वावर बनते.

घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. हात सैल सोडून साखर वाढवू नये. फार गोड पाणी आतड्यातच पाणी ओढून घेते, म्हणून शीतपेय हा त्याला पर्याय नव्हे. मिठाच्या पाण्यात पोटॅशियम नसते. ते आपल्या बागेतल्या केळ्यात आहे. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र हे पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. आणि उन्हात काम करणारा कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा त्याला झटका आला, तर काही पाजण्याच्या भानगडीत न पडता त्याला सावलीत नेऊन अंग ओले करावे आणि थेट दवाखाना गाठावा.