पार्टिशनला हात लावण्याआधी

अरे, लिनक्सचं रूट (सिस्टीम असते ते मुख्य पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक वेगळा केलेला भाग) भरलंय म्हणून लगेच जीपार्टेड, म्हणजे पार्टिशन लहानमोठी करायचं टूल, उघडू नकोस. आधी बॅकअप घे, आणि तो बाहेरच्या डिस्कवर. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर ठेवलास तर तो धरतच नाही मी.

खरी मेख क्रमात आहे. पार्टिशन म्हणजे बांध, फाइल सिस्टीम (फाइल्स मांडून ठेवायची आतली रचना) म्हणजे आतला ऊस. बांध आत घ्यायचा तर आधी ऊस तोडायला हवा. म्हणजे लहान करताना आधी फाइल सिस्टीम, मग पार्टिशन. मोठं करताना उलट. जीपार्टेड हा क्रम स्वतः सांभाळतं. ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम चालू असताना वाढवता येते, पण कमी करायची तर अनमाउंट करावीच लागते, म्हणजे वापरातून सोडवावी लागते. चालू सिस्टीमचं रूट असं सोडवता येत नाही, म्हणून त्यासाठी लाइव्ह यूएसबी (पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स).

रिकामी जागा पार्टिशनच्या उजवीकडे असेल तर काम मिनिटांचं. डावीकडे असेल तर सगळा डेटा सरकवावा लागतो, त्यात तासन्‌तास जातात. विश्रामबागच्या खोलीवर मी हेच यूपीएसशिवाय केलं होतं. वळवाचा पाऊस आला, लाईट गेली, आणि पुढचे दोन दिवस फोटो वाचवण्यात गेले. सांगलीत मे महिन्यात असलं काही करायचं तर लॅपटॉपवर, तोही चार्जर लावून, बॅटरी भरलेली ठेवून.

मध्ये स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आडवं येत असेल तर काढून डिस्कच्या शेवटी नवं कर. फक्त एफएसटॅबमधला (बूट होताना कोणती पार्टिशन जोडायची त्या यादीच्या फाइलमधला) यूयूआयडी, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, बदल, नाहीतर बूट होताना दीड मिनिट ताटकळशील.

आधी एलएसबीएलके (डिस्क आणि पार्टिशनांची यादी दाखवणारी कमांड) चालवून तिचं आउटपुट पाठव, मग बघू.