वाचकांचे प्रश्न : जुना व्हिडिओ गेम, महागडा नवा डबा

जुन्या व्हिडिओ गेमच्या महागड्या नव्या आवृत्त्या घ्याव्यात की नाही, यावर या वेळी बरीच पत्रं आहेत. त्यातली निवडक पत्रं आणि उत्तरं.

प्रश्न : माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो. येताना ‘ॲनालॉग थ्रीडी’ आणू का, असं विचारतोय. किंमत 250 डॉलरच्या आसपास. जाहिरातीत ‘इम्युलेशन नाही, एफपीजीए आहे’ असं लिहिलंय. म्हणजे अगदी अस्सल का? घ्यावा का, तेवढं सांगा.
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : पहिला प्रश्न आमचाच : तुमच्या घरी निन्टेन्डो 64 च्या कॅसेट आहेत का? ॲनालॉग कंपनीचं हे नवं मशीन त्या कॅसेट खेळवण्यासाठी बनवलंय. आपल्याकडे ज्या कॅसेट घरोघरी होत्या त्या मीडिया, समुराई, लिटल मास्टर या मशीनच्या, म्हणजे निन्टेन्डोच्याच 1983 च्या जपानी फॅमिली कॉम्प्युटरच्या 60 पिनी नकला. त्या यात बसणार नाहीत. शिवाय त्या पैशात खेळायचा रिमोट येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. सगळं धरून वीस हजारांच्या बरंच वर जाईल.

आता ‘अस्सल’चं. इम्युलेशन म्हणजे जुन्या मशीनची सॉफ्टवेअरनं केलेली नक्कल. एफपीजीए ही कोरी चिप असते. जुन्या चिपचं वागणं मोजून-तपासून कुणीतरी इंजिनिअर त्याचं वर्णन लिहितो आणि ते या चिपमध्ये भरलं की ती तशी वागू लागते. कुंद्याची कृती कितीही नीट लिहून दिली तरी चव करणाऱ्याच्या हातावर असते, तसंच हे. लिहिणारा पक्का असेल तर काम उत्तम, कच्चा असेल तर एफपीजीएतही चुका होतात. निन्टेन्डोची मूळ चिप आत नसते. याच कंपनीच्या 2014 च्या ‘एनटी’ मशीनमध्ये जुन्या फॅमिली कॉम्प्युटरमधून काढलेल्या खऱ्या चिपा होत्या. नंतर कंपनी एफपीजीएकडे वळली.

एफपीजीएचा खरा फायदा एकच : बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ कमी लागतो. हा फरक एखाद-दुसऱ्या फ्रेमचा, म्हणजे पडद्यावरच्या एखाद-दुसऱ्या चित्राचा, आणि एक फ्रेम म्हणजे सुमारे 16.7 मिलिसेकंद. घरच्या एलईडी टीव्हीत ‘गेम मोड’ बंद असेल तर टीव्ही एकटाच त्याच्या कितीतरी पट वेळ खातो. म्हणून मशीन घेण्याआधी टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. त्याला पैसा लागत नाही.

एफपीजीएच हवं असेल तर ‘मिस्टर’ हा 2017 पासूनचा खुला प्रकल्प आहे. त्याचं सगळं लिखाण फुकट मिळतं, आणि सायक्लोन 5 चिपचे स्वस्त बोर्ड परदेशात 100 डॉलरच्या आसपास निघालेत. वर 128 एमबीचं एसडीरॅम कार्ड, यूएसबी हब आणि मेमरी कार्ड धरा. जोडणी स्वतः करावी लागते. पण त्या एका बोर्डावर डझनावारी जुनी मशीनं चालतात.

आमचं मत विचाराल तर आतेभावाला सांगा, राहू दे.

प्रश्न : घरी जुना मीडिया गेम आहे. पावसाळ्यानंतर लावला तर चित्र थरथरतंय, आडवे पट्टे वर सरकतायत, कधी नुसता राखाडी पडदा. दुरुस्त होईल का, की नवाच बघू?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : नवा अजिबात बघू नका! ही दुरुस्ती शंभर-दोनशे रुपयांच्या सामानात होते, आणि खानापूरच्या पावसात हे दोष नेहमीचे आहेत. दोष दोन आहेत, ते वेगवेगळे धरा.

सरकणारे पट्टे म्हणजे वीजपुरवठ्याचा दोष. आधी अडॅप्टर तपासा. ट्रान्सफॉर्मरवाल्या जुन्या 9 व्होल्टच्या अडॅप्टरला नुसता मीटर लावला तर 12-13 व्होल्टही दिसतात. म्हणून मशीन चालू ठेवून मोजा. आत 7805 नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर आहे. त्याच्या मधल्या पायाला मीटरची काळी तार आणि 5 व्होल्ट बाहेर देणाऱ्या (आउटपुट) पायाला लाल तार लावली की 4.75 ते 5.25 व्होल्ट दिसायला हवेत. आत येणारा दाब 7 व्होल्टच्या खाली गेला तर 5 व्होल्ट टिकत नाहीत आणि पट्टे दिसतात. अडॅप्टर चांगला असेल तर रेग्युलेटरजवळचा मोठा कॅपॅसिटर सुकलाय. बहुधा तो 1000 मायक्रोफॅरडचा असतो. तेवढ्याच क्षमतेचा 25 व्होल्टचा नवा बसवा. पट्टी असलेली बाजू ऋण, ती उलटी लागू देऊ नका.

सेट टॉप बॉक्सचा 12 व्होल्टचा अडॅप्टर लावायचा मोह टाळा. जास्तीचा सगळा दाब 7805 उष्णता करून टाकतो, आणि थोड्या वेळाने तो तापून स्वतःच बंद पडतो. ‘दहा-पंधरा मिनिटं चालतो आणि जातो’ अशी तक्रार बहुतेकदा यातूनच येते. नवा अडॅप्टर घेताना पिनची ध्रुवताही जुन्याशी जुळवा. वेगवेगळ्या मशीनमध्ये ती वेगळी असते, कुठे मध्ये धन, कुठे ऋण.

राखाडी पडदा म्हणजे कॅसेटचा संपर्क तुटतोय. दमट हवेत तांब्याच्या पट्ट्यांवर गंज चढतो. कॅसेटमध्ये फुंकर मारली की तोंडातली वाफ आत जाते आणि तो वाढतो, त्यामुळे ती सवय सोडा. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल इअरबडवर घेऊन पट्ट्या लांबीच्या दिशेनं पुसा, बड काळा यायचा थांबेपर्यंत. सॉकेटमध्ये जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून चार-पाच वेळा आत-बाहेर करा. पॉलिश पेपर वापरू नका, वरचा मुलामा गेला की पुढच्या पावसात आणखी लवकर गंजतं. दहा मिनिटं वाळू द्या, मग वीज लावा. पावसाळ्यात कॅसेट झाकण लागणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकून ठेवा.

शेवटी, नव्या टीव्हीला एव्ही जोडताना एक गोष्ट बघा. बऱ्याच टीव्हींना आता तीन रंगीत भोकांऐवजी 3.5 मिमीचा एकच एव्ही जॅक असतो, आणि त्याच्या वायरीतला क्रम कंपनीनुसार बदलतो. चित्र नाही, नुसती घरघर ऐकू येते, असं झालं तर मशीनला दोष देण्याआधी वायर बदलून बघा.

प्रश्न : पाहुण्यांकडच्या परदेशी नव्या मशीनवर कॉन्ट्रा खेळलो. गाणं फार जोरात पळतंय, माणूसही पळतोय. मशीन खराब आहे की आपलं वय झालं?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : मशीन ठीक आहे आणि तुमचे कानही शाबूत आहेत. जपानी-अमेरिकी मशीन सेकंदाला सुमारे 60 चित्रं काढतं. आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, 50 चा. पालसाठी बनवलेल्या नकला 50 वर चालायच्या, त्यामुळे तोच खेळ सुमारे 17 टक्के संथ व्हायचा. एक मिनिटाचं गाणं साधारण 72 सेकंद चालायचं. गंमत म्हणजे सूर फारसा उतरत नसे, कारण या नकलांचं घड्याळ मूळ मशीनच्या अगदी जवळ ठेवलेलं असे. शिवाय पुष्कळ नकली चिपांत आवाजाच्या लहरीची दोन सेटिंगं अदलाबदल झालेली असत, म्हणून काही आवाज अधिक कर्कश लागायचे.

हजारो रुपयांचं परदेशी मशीन मूळ जपानी वेगाशी प्रामाणिक राहतं. सीमाभागातल्या घरांत ऐकलेला कॉन्ट्रा तो नव्हे. तो हवा असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर किंवा जुन्या लॅपटॉपवर रेट्रोआर्क हे जुने खेळ चालवणारं सॉफ्टवेअर टाका. त्यात ‘एफसीईयूएमएम’ हा कोअर, म्हणजे या मशीनची नक्कल करणारा भाग, निवडून कोअर ऑप्शन्समध्ये रीजन ‘डेंडी’ करा. डेंडी ही रशियात खपलेली अशीच 50 हर्ट्झची नक्कल. तिथेच ड्युटी सायकल, म्हणजे वर सांगितलेली आवाजाची सेटिंगं, अदलाबदल करण्याचा पर्याय आहे, तोही चालू करा. सगळं फुकट आहे. फक्त खेळांवर अजून कॉपीराइट आहे, एवढं ध्यानात ठेवा.

उलटा प्रकारही घडलाय. सोनीच्या 2018 च्या प्लेस्टेशन क्लासिकमध्ये 20 खेळ होते, त्यातले 9 पाल आवृत्तीचे, म्हणजे 50 हर्ट्झचे. 60 ची सवय असलेल्या अमेरिकी ग्राहकांनी त्यावर रास्त ओरड केली. आणि आतला इम्युलेटर होता इंटरनेटवर आधीपासून फुकट असलेला! नामवंत कंपनीचा शिक्का पाहून पैसे मोजू नयेत ते यासाठीच.

प्रश्न : बंदूकवाला डक हंट एलईडी टीव्हीवर चालेल असं एखादं महागडं मशीन आहे का? भाचीला खेळवायचंय.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : जुनी बंदूक वापरून नाही, मशीन कितीही महाग असो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग पक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. हा सेन्सर सुमारे 15 किलोहर्ट्झला लुकलुकणारा उजेडच ओळखतो, जो पिक्चर ट्यूबची रेघ काढताना पडतो. एलईडीचा उजेड तसा नसतो, आणि चित्र उशिरानं येतं ते वेगळंच. जुना ट्यूबचा टीव्ही मिळवा, भंगारवाल्याकडे अजून सापडतात. मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या आसपासचा दाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ राहतो.

प्रश्न : धातूच्या बॉडीमुळे गेम चांगला चालतो का?
— एक वाचक, उद्यमबाग

उत्तर : नाही. ॲनालॉग एनटीची बॉडी अख्ख्या 6061 ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेली होती. असं काम किती वेळ आणि किती माल खातं हे उद्यमबागेच्या कारखान्यांत कुणाला सांगायला नको, आणि तो खर्च किमतीत दिसतो. काम सुंदर आहे, पण खेळाच्या वेगात किंवा आवाजात तिचा काही वाटा नाही. पडद्याची गोष्ट वेगळी. ॲनालॉग पॉकेट या हातात धरायच्या मशीनचा पडदा 1600 गुणिले 1440 ठिपक्यांचा आहे, लांबीत आणि रुंदीत गेमबॉयच्या 160 गुणिले 144 च्या बरोब्बर दहापट, त्यामुळे प्रत्येक ठिपका रेखीव चौकोनी दिसतो. ज्यांच्याकडे गेमबॉयच्या मूळ कॅसेट आहेत त्यांना त्या पडद्यासाठी पैसे मोजावेसे वाटले तर आम्ही अडवणार नाही. तरी विचार करा, बिघडलं तर बेळगावात किंवा कोल्हापुरात आतली एफपीजीए चिप बदलायची कशी? तिच्या पोटाखाली बारीक गोळ्यांचं सोल्डर असतं, ते साध्या सोल्डरिंग आयर्ननं सुटत नाही, आणि अमेरिकेला परत पाठवण्याचं कुरिअर आपल्याच खिशातून जातं.